शॅमेलिऑनच्या पैदाशीसाठी यूव्ही: टी-५ ट्यूब, मर्क्युरी बल्ब की गच्चीवरचं ऊन?

आधी कायद्याचं. आपल्याकडचा रानातला शॅमेलिऑन (रंग बदलणारा सरडा) १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे, तो घरी ठेवता येत नाही. त्यामुळे हा आढावा व्हेल्ड आणि पँथर या परदेशी जातींपुरताच. दोन्ही साइट्स या वन्यजीव व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट २ मध्ये आहेत. २०२४ च्या नियमांप्रमाणे त्यांची नोंद पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते, जन्मलेल्या पिल्लांचीसुद्धा.

पैदाशीत सगळा भार मादीवर येतो. अंड्यांसाठी तिच्या हाडांतलं कॅल्शियम उपसलं जातं आणि ते भरून काढायला जीवनसत्त्व डी-३ लागतं. ते त्वचेत तयार होतं यूव्हीबीमुळे, म्हणजे साधारण २८० ते ३१५ नॅनोमीटरच्या अतिनील किरणांमुळे. ते कमी पडलं की पाय वाकतात, अंडी पोटातच अडकतात. ऊब घ्यायच्या फांदीवर, मादीच्या पाठीच्या उंचीला, यूव्ही इंडेक्स (अतिनील किरणांच्या तीव्रतेचा आकडा) ३ च्या आसपास हवा आणि खाली पानांच्या सावलीत जवळजवळ शून्य. किती घ्यायचं ते तिचं ती ठरवते, फक्त तिला निवड मिळाली पाहिजे.

टी-५ एचओ ट्यूब, म्हणजे जास्त वॅटची (हाय आउटपुट) बारीक फ्लुरोसंट ट्यूब. आमची शिफारस हीच. पिंजऱ्याच्या जाळीवर ठेवलेल्या ६ टक्के (हा यूव्हीबीचा अंश) ट्यूबखाली फांदी साधारण १५ सेंटिमीटरवर, १२ टक्के ट्यूबखाली २२ ते २५ सेंटिमीटरवर बांधा. हे आकडे सुरुवातीपुरते. जाळीच तीसेक टक्के यूव्हीबी अडवते आणि रिफ्लेक्टरने बराच फरक पडतो, म्हणून शेवटचा शब्द सोलरमीटर ६.५ या यूव्ही इंडेक्स मोजणाऱ्या उपकरणाचा. थंडीत पहाटे नाशिकचा पारा दहाच्या खाली जातो तेव्हा गार ट्यूब कमी प्रकाश देते, त्यामुळे मोजमाप दिवा लावल्यावर अर्ध्या तासाने घ्या.

चूक होते ती पट्टीत, म्हणजे ट्यूब बसवायच्या फिटिंगमध्ये. दुकानात मिळणारी घरगुती टी-५ पट्टी २८ वॅटची असते आणि ५४ वॅटची एचओ ट्यूब लांबीला तेवढीच, म्हणून ती सहज बसते. पण पट्टीतला चोक एचओ ट्यूबला पुरेशी वीज देत नाही. २१ आणि ३९ वॅटची, १४ आणि २४ वॅटची जोडीही अशीच फसवते. आताच्या एलईडी पट्टीत तर चोकच नसतो. चोक एचओचा आहे ना, हे आधी वाचून घ्या. ट्यूब वर्षाने बदला, डोळ्यांना उजेड तसाच दिसला तरी.

मर्क्युरी व्हेपर बल्ब. ऊब आणि यूव्ही एकाच बल्बमधून मिळते, आणि पैदाशीत हाच त्याचा दोष. व्हेल्ड मादीची ऊब २६-२७ अंशांवर ठेवली आणि खाणं आवरतं ठेवलं तर अंडी कमी धरतात आणि तिची झीज वाचते. हा बल्ब डिमरवर चालत नाही. उष्णता कमी करायला तो लांब नेला की यूव्हीही कमी होते. शिवाय वीज क्षणभर गेली की तो विझतो आणि निवल्याशिवाय पुन्हा लागत नाही. एप्रिलमध्ये खोली आधीच तापलेली असताना तर तो नकोच. टी-५ सोबत वेगळा हॅलोजन डिमरवर लावला की ऊब आणि यूव्ही दोन्ही हातात राहतात.

कॉम्पॅक्ट सीएफएल. झोत अरुंद, फांदी थोडी सरकली की यूव्ही संपली. मोठ्या पिंजऱ्याला घेऊ नका.

यूव्हीबी एलईडी. वीज कमी खातो, पण तरंगलांबींचा पट्टा अरुंद असतो. उन्हातल्या यूव्हीएच्या (यूव्हीबीपेक्षा लांब तरंगलांबीच्या किरणांच्या) मदतीने त्वचेतलं जादाचं डी-३ मोडलं जातं. ती सोय इथे अपुरी पडते. पैदाशीच्या मादीवर एवढ्यात विसंबू नये.

ऊन. याच्या तोडीचा दिवा नाही. सकाळचा अर्धा तास, जाळीच्या पिंजऱ्यात, अर्धी बाजू झाडाच्या कुंडीने झाकून, आणि माणूस जवळ हवाच: कावळे आणि मांजरी टपलेल्या असतात. काचेची पेटी उन्हात ठेवू नका, आत भट्टी होते. खिडकीच्या काचेतून तर यूव्हीबी येतच नाही. पण जून ते सप्टेंबर आकाश झाकलेलं असतं आणि अंडी धरलेल्या मादीला तेवढं थांबता येत नाही. म्हणून ऊन जोडीला, ट्यूब रोज १२ तास. रोजच्या खाण्यावर साधं कॅल्शियम, डी-३ वालं महिन्यातून दोनदा.

‘यूव्ही’ एवढंच लिहिलेली स्वस्त ट्यूब मात्र आणू नका. पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रातली २५४ नॅनोमीटरची यूव्हीसी ट्यूब प्राण्याचे आणि तुमचेही डोळे भाजते. कीटक पकडायच्या निळ्या ट्यूबमध्ये यूव्हीबी नसतेच.

अंडी उबवायच्या डब्याला दिवा लागत नाही. पिल्लांना लागतो, पण ती छोट्या पिंजऱ्यांत ट्यूबच्या फार जवळ येतात, तेव्हा ६ टक्केच घ्या आणि इंडेक्स २ च्या आसपास ठेवा. पिंजरे ओळीने मांडले की एकच ५४ वॅटची ट्यूब सगळ्यांना पुरते. टोकांना प्रकाश कमी असतो, तिथले पिंजरे थोडे उंच करा आणि प्रत्येकात वरच्या थरात दाट पानांची एक फांदी ठेवा.