वीजबिल कमी करणारा डबा आणि टाँग टेस्टरचा खेळ

प्लगात खोचायचा, हिरवा दिवा लागणारा आणि ‘बिल तीस-चाळीस टक्के खाली आणणारा’ डबा विकणारी माणसं सध्या इचलकरंजीत आणि आसपासच्या गावांत घरोघर फिरताहेत. आमच्याकडे ती एप्रिलच्या शेवटी आली आणि वडिलांकडून ९,९०० रुपये घेऊन गेली. दोन छोटे डबे प्रत्येकी २,४००, मेन स्विचजवळ बसवायचा एक मोठा डबा ४,६०० आणि ‘घराची ऊर्जा तपासणी’ म्हणून ५०० रुपये.

एक गोष्ट आधीच सांगतो. वडील, म्हणजे आमचे आप्पा, काही भोळे नाहीत. त्यांची सगळी नोकरी सायझिंगमध्ये (विणण्याआधी सुताला खळ लावणाऱ्या कारखान्यात) मेंटेनन्सला गेली. मोटर, स्टार्टर, कपॅसिटर यातलं त्यांना माझ्यापेक्षा चांगलं कळतं, आणि त्या माणसाने धरलं ते नेमकं हेच टोक.

गळ्यात ओळखपत्र, हातात फाइल, अंगात निळा शर्ट. ‘एमएसईबीकडून आलोय’ असं तो स्पष्ट कुठेच म्हणाला नाही. ‘वीजबचत योजनेतून आलोय, मागचं बिल दाखवा’ एवढंच. बिल पाहून त्याने तोंड वाकडं केलं, मग आप्पा कुठे कामाला होते ते विचारलं. सायझिंग म्हटल्यावर त्याची कळी खुलली. ‘मग तुम्हाला काय सांगायचं काका? कारखान्यात कपॅसिटर पॅनेल कशाला असतं?’ आप्पांनी लगेच उत्तर दिलं, ‘पॉवर फॅक्टर सुधारायला. नाहीतर दंड पडतो.’ ‘बरोबर! तेच पॅनेल आता घरासाठी आलंय.’

मग त्याने पिशवीतून एक बोर्ड काढला. बोर्डावर छोटी मोटर, शेजारी सॉकेट. मोटर चालू करून वायरला टाँग टेस्टर (वायरभोवती चिमट्यासारखा धरून करंट मोजायचं यंत्र) लावला, करंट दाखवला. सॉकेटमध्ये डबा खोचला आणि टाँग टेस्टरवरचा आकडा जवळपास निम्म्यावर आला. डबा काढला की आकडा वर, लावला की खाली. आप्पांनी स्वतःच्या हाताने लावून पाहिलं, मग आतून आपला जुना टाँग टेस्टर आणून त्यानेही पाहिलं. तोही तेच सांगत होता. आता या माणसाने अविश्वास दाखवायचा तरी कशावर?

टाँग टेस्टर खरंच खोटं बोलत नव्हता. फक्त तो जे मोजत होता त्याचं बिल आपल्याला येत नाही. मोटरला तिचं चुंबकीय क्षेत्र उभं करायला जो करंट लागतो तो खर्च होत नाही, लाइन आणि मोटर यांच्यात नुसता ये-जा करतो. हा ये-जा करणारा करंट जेवढा जास्त, तेवढा पॉवर फॅक्टर खाली. कपॅसिटर लावला (डब्यात तोच असतो) की ही देवघेव मोटर आणि कपॅसिटर आपसात करतात, त्यामुळे लाइनवरचा करंट कमी दिसतो. घरगुती मीटर मात्र प्रत्यक्ष वापरलेली ऊर्जाच मोजतं, म्हणजे किलोवॅट-अवर, ज्याला आपण युनिट म्हणतो. ती कपॅसिटर लावण्याआधी जेवढी होती तेवढीच नंतरही राहते. मोठ्या कारखान्यांची गोष्ट वेगळी. महावितरणच्या उच्चदाब ग्राहकांना २०२० पासून केव्हीएएचवर, म्हणजे हा ये-जा करणारा करंटही धरून, बिल येतं, तिथे पॉवर फॅक्टर घसरला की पैसे जातात आणि कपॅसिटर पॅनेल खरोखरच पैसे वाचवतं. म्हणजे कारखान्यातलं खरं त्याने घरात आणून विकलं. वर गीझर, इस्त्री, टोस्टर यांत पॉवर फॅक्टरचा प्रश्नच जवळपास नसतो, तिथे या डब्याला दाखवण्यापुरतंही काम नाही.

हे मला तरी कधी कळलं? डबे बसले तेव्हा मी पुण्यात होतो. जुलैचं बिल आल्यावर आप्पांचा उत्साहाने फोन आला, ‘बघ, बिल निम्म्यावर आलंय!’ आणि आलंही होतं. मे महिन्यात ३१८ युनिट, जुलैत १९२. या धंद्याचं खरं कसब इथे आहे, आणि मला वाटतं डब्यापेक्षा ते जास्त हुशार आहे. डबा उन्हाळ्यात विकायचा आणि सांगायचं, ‘वायरिंगला सवय व्हायला दोन महिने लागतात, मग फरक बघा.’ दोन महिन्यांत पाऊस पडतो. कूलर माळ्यावर जातो, एसी बंद होतो, पंख्याचा नंबर पाचावरून दोनावर येतो. त्यात शंभर युनिटांच्या वरचा दर खालच्या दराच्या जवळपास दुप्पट, आणि तीनशेच्या वर त्याहून जास्त. त्यामुळे युनिट चाळीस टक्के कमी झाले तर रुपये निम्मे होतात. ग्राहक खूश, शेजाऱ्यालाही सांगतो. आमच्या गल्लीतल्या दोन घरांत डबे गेले ते आप्पांच्या शब्दावर, आणि पैशांपेक्षा त्यांना तेच जास्त लागलंय.

मला शंका आली ती बिलावरच्या छोट्या आलेखामुळे. महावितरणच्या बिलावर मागच्या महिन्यांचा वापर उभ्या पट्ट्यांत छापलेला असतो, त्याकडे कोणी बघत नाही. मी आप्पांना मागच्या वर्षीची बिलं काढायला लावली (ते सगळी बिलं तारेत ओवून ठेवतात, हा त्यांचा जुना नाद कधी कामाला येईल असं वाटलं नव्हतं). मागच्या वर्षी मे ३११, जुलै १८८. डबा नसताना चार युनिट कमीच होते.

तरी आप्पांना पटेना. ‘टाँग टेस्टरवर मी स्वतः बघितलंय, ते काय खोटं व्हय?’ शेवटी मी गावी गेल्यावर आम्ही मीटरलाच विचारलं. इलेक्ट्रॉनिक मीटरवर लाल दिवा लुकलुकत असतो आणि शेजारी छापलेलं असतं की एका युनिटला तो किती वेळा लुकलुकणार. आमच्या मीटरवर ३२०० आहे. घरातलं सगळं बंद करून, फ्रिजसकट, फक्त पाण्याची अर्ध्या एचपीची मोटर चालू केली आणि घड्याळ लावून दिवा मोजला. डबे काढून मिनिटाला २७. तिन्ही डबे लावून मिनिटाला २७. आप्पांनी परत मोजला, मग काही न बोलता मेन स्विचजवळचा मोठा डबा सोडवायला स्क्रू ड्रायव्हर आणायला गेले. ही तपासणी कोणालाही जमते, पैसे लागत नाहीत, आणि विकणारा दारात उभा असतानाच करता येते. टाँग टेस्टर बाजूला ठेवून ‘मीटरच्या दिव्यावर दाखवा’ म्हणा.

मोठा डबा आम्ही उघडला. (तुम्ही उघडू नका. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो आणि चांगला झटका बसतो. आप्पांनी आधी रेझिस्टरमधून तो उतरवला.) आत पंख्याला असतो तसला एक कपॅसिटर, दिव्यासाठी बारीकसं सर्किट, आणि वजन लागावं म्हणून सिमेंटसारखं काहीतरी ओतलेलं. सगळा माल शे-दोनशे रुपयांचा. कपॅसिटर एका बाजूने फुगलेला होता आणि प्लास्टिक तिथे पिवळं पडलं होतं. असली वस्तू रात्रंदिवस भिंतीत लावून झोपायचं, हे पैसे गेल्यापेक्षा जास्त काळजीचं आहे.

पावतीवरचा नंबर लागला. पलीकडची बाई गोड बोलली, ‘पैसे परत मिळतील, सर. प्रोसेसिंगचे ९९९ रुपये भरा आणि आलेला ओटीपी सांगा.’ म्हणजे एकदा फसलेल्याला दुसऱ्यांदा फसवायची सोय तयार होती. आम्ही फोन ठेवला. तुमच्याकडून असा ओटीपी गेलाच असेल तर वेळ न घालवता सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर कळवा. वस्तूच्या फसवणुकीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. आम्ही तिथे तक्रार नोंदवली आणि पोलीस ठाण्यातही अर्ज दिला. पावतीवर ना जीएसटी क्रमांक ना पुरता पत्ता, त्यामुळे पैसे मिळतील अशी मला फारशी आशा नाही. अर्ज देताना गल्लीतल्या बाकीच्यांना बरोबर चला म्हटलं, तर एकेक करून सात घरं निघाली. तोवर लाजेने कोणी कोणाला सांगितलं नव्हतं.

तेवढ्याच पैशांत खरं काय झालं असतं, तर तीन बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) पंखे. जुना पंखा ७५ वॉट खातो, हा साधारण ३०. दिवसाला बारा तास चालला तर एका पंख्यामागे महिन्याला सोळा युनिट वाचतात, आणि ते मीटरच्या दिव्यावर लगेच दिसतं. पंख्यांना २०२३ पासून स्टार लेबल सक्तीचं आहे, तेव्हा घेताना ते बघून घ्या. आम्ही सध्या एकच आणलाय, आप्पांच्या खोलीत. बसवल्यावर त्यांनी आधी मीटरपाशी जाऊन दिवा मोजला.

परवा कबनूरच्या एका नातेवाइकांचा फोन आला. त्यांच्याकडेही माणूस येऊन गेला, बोलणं तेच, फक्त डब्याचं नाव बदललंय. आता म्हणे तो ‘स्मार्ट मीटरचं वाढीव बिल रोखणारा’ डबा आहे. स्मार्ट मीटरही घरगुती ग्राहकाचे युनिटच मोजतं, आणि दिवसा ९ ते ५ वापरलेल्या विजेवर सवलत असली तर तीही मीटरमधल्या नोंदीवरूनच बिलात लागते, त्यासाठी भिंतीत काही खोचावं लागत नाही. नातेवाइकांनी त्याला शनिवारी परत बोलावलंय. आप्पा त्या दिवशी तिथे जाणार आहेत, आणि ठाण्यातल्या हवालदारांनाही कळवून ठेवलंय.