‘आय-सेव्हन आहे सर’ एवढ्यावर मी ५२ हजार दिले

मी मिरजेत राहतो आणि घरातल्या एका खोलीत रेकॉर्डिंग करतो. मुख्य काम तंबोऱ्याचं. रियाजाला लागतो तसा काळी एक, काळी चार अशा एकेका पट्टीत सलग अर्धा तास छेडून घ्यायचा. गाण्यात दोन ओळींमधल्या श्वासात आलेला एखादा ‘टक्’ कापता येतो. तंबोऱ्यात कापायला जागाच नसते, जवारी, म्हणजे तारांचा तो झणझणता नाद, सतत बोलत असते. अकराव्या मिनिटाला एक ‘टक्’ आला की अर्धा तास वाया.

२०२३ मध्ये नवा कॉम्प्युटर घ्यायचं ठरलं. एका मोठ्या कंपनीचा तयार डेस्कटॉप ६४ हजारांना मिळत होता. पुण्यातल्या एका दुकानदाराने ५२ हजारांत असेंबल्ड (सुटे भाग जोडून बनवलेला) देऊ केला, ‘खास स्टुडिओसाठी, एकदम सायलेंट’. मला ‘सायलेंट’ हाच शब्द भावला, कारण माझा माइक आणि कॉम्प्युटर एकाच खोलीत असतात.

व्हॉट्सॲपवर कोटेशन आलं: आय७ प्रोसेसर, १६ जीबी रॅम, १ टीबी एसएसडी, सायलेंट कॅबिनेट. मॉडेल नंबर एकाचाही नाही. ‘आय-सेव्हन आहे सर, काळजीच नको,’ असं तो दोनदा म्हणाला. पक्कं बिल मागितलं तर म्हणे १८ टक्के जीएसटी वर लागेल, वॉरंटी त्याच्या शब्दावर. मी १० हजार यूपीआयने दिले, बाकीचे रोख. दुकानात पाच मिनिटं रेकॉर्डिंग करून दाखवलं. खरंच आवाज नव्हता, ‘टक्’ही नव्हता.

घरी पहिल्याच दिवशी साडेदहा-अकरा मिनिटांनी टक्, टक् सुरू झालं. पुन्हा घेतलं, पुन्हा तेच. दुकानदार म्हणाला, तुमचा ऑडिओ इंटरफेस (माइक कॉम्प्युटरला जोडणारं उपकरण) खराब आहे. मित्राचा आणून लावला, फरक नाही. मग म्हणाला, घरातलं अर्थिंग तपासा. वायरमनने तपासलं, अर्थिंग चोख होतं. यात दीड महिना गेला. याच काळात एक वयस्कर बुवा गायला आले होते. हेडफोनमध्ये थोडा रिव्हर्ब (घुमारा) असल्याशिवाय त्यांना गाता येत नाही, म्हणजे आवाज कॉम्प्युटरमधून फिरूनच परत यायला हवा. बफर, म्हणजे कॉम्प्युटर एका वेळी आवाजाचा जेवढा तुकडा हाताळतो तो, १२८ सॅम्पल्सवर ठेवला की टक् यायचं. १०२४ वर नेला की टक् कमी व्हायचं, पण ४८ किलोहर्ट्झला एवढ्या बफरचा एका बाजूचाच उशीर २१ मिलिसेकंदांचा, आणि जाता-येता दोन्हीकडे तो लागतो. बुवा समेवर यायचे आणि त्यांचाच आवाज कानात मागून यायचा. त्यांनी हेडफोन काढून ठेवला आणि ‘आज राहू दे’ म्हणाले. मला फार वाईट वाटलं.

शेवटी भाच्याने कॅबिनेट उघडलं. तापमान दाखवणारं मोफत सॉफ्टवेअर लावून रेकॉर्डिंग सुरू केलं. अकराव्या मिनिटाला प्रोसेसर ९८ अंशांवर गेला आणि आपोआप वेग उतरवू लागला, मग त्याला आवाज वेळेत हाताळता येईना. टक् यायला तिथूनच सुरुवात. सायलेंट कॅबिनेटचं रहस्य एवढंच होतं की पंख्याचा वेग बायोसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या मूळ सेटिंगमध्ये, पाडून ठेवला होता. हीटसिंक (प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारा धातूचा भाग) काढला तर ती उष्णता त्यात पोचवणारी खालची थर्मल पेस्ट वाळून चुन्यासारखी भुगा झालेली. प्रोसेसर आय७-४७७०. आय७ हे नाव अनेक जनरेशन्सना असतं; त्या ४७७० मधला पहिला ४ म्हणजे चौथी जनरेशन, हा प्रोसेसर २०१३ चा. एसएसडीची माहिती काढली तर १९ हजार तास चाललेली, म्हणजे दोन वर्षांहून जास्त अखंड. ‘नवीन’ म्हणून घेतलेली!

पेस्ट बदलून, पंखा वाढवून टक् बरंच कमी झालं. पण आता पंख्याची घरघर माइकमध्ये येते. आणि विंडोज ११ ला इंटेलची किमान आठवी जनरेशन लागते, तर विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा असलेला नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला.

ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन केला तेव्हा पहिला प्रश्न बिलाचा आला. माझ्याकडे यूपीआयची नोंद आणि ते व्हॉट्सॲप कोटेशन एवढंच होतं. त्यावर तक्रार नोंदली, आणि दुकानदाराने १५ हजार परत केले. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, हे मला मुदत उलटून गेल्यावर कळलं. तुमची मुदत शिल्लक असेल तर थांबू नका.

असेंबल्ड घेऊच नका, असं मी सांगणार नाही. तयार डेस्कटॉपमध्ये बरेचदा रॅमची एकच पट्टी असते आणि एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) कंपनीच्याच मापाचा, पुढे बदलायला त्रास. पण त्याचा सीरियल नंबर कंपनीच्या साइटवर टाकून वॉरंटी पाहता येते. असेंबल्डमध्ये हा आधार बिलच देतं, म्हणून प्रत्येक भागाचा पूर्ण मॉडेल नंबर आणि सीरियल नंबर जीएसटी बिलावर लिहून घ्या, प्रोसेसरचा खोका समोर फोडायला लावा. आणि आपला इंटरफेस सोबत नेऊन दुकानातच सलग अर्धा तास रेकॉर्डिंग करा. पाच मिनिटं नव्हे.

मी यंदा पुन्हा असेंबल्डच घेतला, पण असं सगळं तपासून. जुना विकायला काढला नाही. विकला तर पुढे कुणीतरी तो ‘आय-सेव्हन’ म्हणूनच कुणाच्या तरी गळ्यात मारेल. त्यावर आता बायको क्लासच्या फीचे हिशेब लिहिते.