ग्राफिक्स ड्रायव्हर आणि कर्नल अपडेट: डीकेएमएस वापरून पाहिल्यावर

लातूरच्या आमच्या स्टुडिओत लग्नाच्या व्हिडिओंची टायटलं ब्लेंडरमध्ये बनतात. लिनक्सवाली उबुंटू २२.०४, कार्ड एनव्हिडियाचं जीटीएक्स १६५०. मशीन जुळवून देणाऱ्यानं ड्रायव्हर एनव्हिडियाच्या साइटवरच्या 'डॉट रन' फाइलनं बसवला होता, डीकेएमएसशिवाय. चालायचा झकास, पण कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, अपडेट झाला की पुढच्या स्टार्टला स्क्रीन काळी. त्यात नवल काही नाही. ड्रायव्हरचं मॉड्यूल (कर्नलला जोडला जाणारा भाग) ज्या कर्नलसाठी बांधलं त्यालाच बसतं. नवा कर्नल आला की परत बांधावं लागतं. डीकेएमएस तेच काम आपणहून करतं.

२०२३ च्या दिवाळीत जुना ड्रायव्हर काढून उबुंटूच्या रिपॉझिटरीतला (सॉफ्टवेअरच्या साठ्यातला) ५३५ आवृत्तीचा ड्रायव्हर डीकेएमएससकट टाकला. सिक्युअर बूट (फक्त सही असलेलंच चालू देणारी सोय) चालू असेल तर रीबूटला निळा पडदा येतो, तिथं मॉड्यूलच्या सहीची की नोंदवायची. १० सेकंदांत बटण दाबलं नाही तर मशीन सरळ पुढं जातं आणि मॉड्यूल लोड होत नाही. तेवढ्यात चहाला उठू नका.

त्यानंतरच्या बहुतेक अपडेटची आम्हाला खबरही लागली नाही. कस लागला तो जानेवारीत, ऐन लग्नसराईत, कर्नल ६.२ वरून ६.५ वर जाताना. मॉड्यूल बांधलंच जाईना. मेक लॉग (बांधणीची नोंद) उघडला तर कंपायलरला, म्हणजे कोडचं मॉड्यूल बनवणाऱ्या प्रोग्रॅमला, एक ऑप्शन ओळखता येत नव्हता. ६.५ कर्नल जीसीसी या कंपायलरच्या १२ व्या आवृत्तीनं बांधलेला, मशीनवर जीसीसी ११! जीसीसी १२ टाकून 'डीकेएमएस ऑटोइन्स्टॉल' चालवलं, मिटलं. तोवर ग्रबच्या (स्टार्टच्या मेनूच्या) ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समधून जुना कर्नल लावून रेंडर चालूच ठेवले होते. जागा खातो म्हणून जुना कर्नल उडवणाऱ्यांना माझा एवढाच सवाल आहे, की अशा वेळी काय करणार?

हेडर्सचं, म्हणजे मॉड्यूल बांधायला लागणाऱ्या कर्नलच्या फाइलींचं, पॅकेजही कर्नलबरोबर आपोआप येईल असं ठेवा, नाहीतर डीकेएमएसला बांधायला काही उरत नाही. आणि लाइट! मॉड्यूल बांधायला काही मिनिटं लागतात, आपल्याकडं ती नेमकी तेव्हाच जाते. इन्व्हर्टर भरलेला असल्याशिवाय मी अपडेटला हात लावत नाही. रीबूटआधी 'डीकेएमएस स्टेटस'मध्ये नव्या कर्नलपुढं 'इन्स्टॉल्ड' दिसतंय का, तेही बघतो.

नुसतं टायपिंग-ब्राउझिंग असेल तर हा खटाटोप कशाला? इंटेल-एएमडीचे ड्रायव्हर कर्नलमध्येच असतात. आम्हाला रेंडरसाठी कुडा (कार्डवर आकडेमोड करवणारी एनव्हिडियाची सोय) लागतं, म्हणून हे कार्ड. नव्यातला नवा ड्रायव्हर हवाच असेल त्यानं 'डॉट रन'च्या नादी लागावं. कामाच्या मशीनवर मी ५३५ च ठेवणार.