तयार अँप्यूलचा संच: लेबलवर मोलॅरिटी छापली, हे फार बरं केलं

टायट्रेशनच्या (माहीत ताकदीचं द्रावण थेंबथेंब घालून दुसऱ्याची ताकद काढायच्या) प्रॅक्टिकलसाठी आम्ही हा अँप्यूलचा, म्हणजे मोजून भरलेल्या रसायनाच्या सीलबंद नळ्यांचा, संच मागवला. वजन करून द्रावण करायला विद्यार्थ्यांनी शिकायलाच हवं, याबद्दल माझं दुमत नाही. पण लागोपाठ बॅच असल्या की सगळ्यांना एकाच ताकदीचं, भरवशाचं द्रावण लागतं आणि तिथे हा संच चोख काम करतो. अँप्यूल फनेलमध्ये उभी धरायची, सोबतच्या काडीने दोन्ही बाजूंचे पातळ पडदे फोडायचे, आतून डिस्टिल्ड वॉटरने नीट धुऊन घ्यायचं आणि २० अंश सेल्सिअसला एक लिटरच्या खुणेपर्यंत भरायचं. झालं द्रावण.

मला सगळ्यात आवडलं ते लेबल. सल्फ्युरिक ॲसिडवर ०.१ नॉर्मल आणि त्याखाली ०.०५ मोलर, दोन्ही ठळक. मोलॅरिटी म्हणजे लिटरमागे पदार्थाचे किती मोल; नॉर्मॅलिटी म्हणजे लिटरमागे अभिक्रियेत किती मोल हायड्रोजन आयन किंवा इलेक्ट्रॉनची देवघेव होते ते. एका रेणूमागे दोन हायड्रोजन आयन, म्हणून मोलॅरिटीला दोनने गुणलं की नॉर्मॅलिटी. बाटली हातात घेतली की हिशोब समोरच असतो. हायड्रोक्लोरिक ॲसिडवर दोन्ही आकडे सारखेच आहेत, तरीही छापलेत. योग्य केलं.

पोटॅशियम परमँगनेटवर तर ०.१ नॉर्मल, ०.०२ मोलर आणि पुढे 'आम्लयुक्त माध्यम' असंही लिहिलंय. हे दोन शब्द फार मोलाचे आहेत. आम्लात परमँगनेट पाच इलेक्ट्रॉन घेतं, म्हणून पाचने गुणायचं. हेच द्रावण मँगनस क्षाराच्या टायट्रेशनला जवळजवळ उदासीन माध्यमात वापरलं, की तपकिरी मँगनीज डायऑक्साइडचा साका बसतो आणि इलेक्ट्रॉन तीनच घेतले जातात. मग तेच द्रावण ०.०६ नॉर्मल धरावं लागतं. तिथे कुणी सूत्रात ०.१ घातलं तर उत्तर दीडपटीहून जास्त येईल. मोलॅरिटी द्रावणाची असते, नॉर्मॅलिटी अभिक्रियेवर ठरते. वर्गात कितीही सांगितलं तरी मुलांच्या डोक्यात हे पक्कं बसतं ते असं लेबल बघूनच.

परमँगनेटचा फॅक्टर (खरी ताकद छापील ताकदीच्या किती पट, तो आकडा) मी सोडियम ऑक्झॅलेटशी तपासला, उत्तम आला. गरम, आम्लयुक्त ऑक्झॅलेटमध्ये पहिल्या थेंबाचा गुलाबी रंग जरा रेंगाळतो. एकदा मँगनस आयन तयार झाले की ते अभिक्रियेला वेग देतात आणि पुढचे थेंब पडताक्षणी विरतात. ही तपासणी टाळू नका, कारण हे द्रावण उजेडात हळूहळू उतरतं. केल्यावर गडद तपकिरी बाटलीतच ठेवा.

नाराजी आहे ती सोडियम कार्बोनेटच्या अँप्यूलवर. तिथे नुसतं '०.१ नॉर्मल'. कोणत्या इंडिकेटरला (रंग बदलून टायट्रेशनचा शेवट दाखवणाऱ्या रसायनाला), ते नाही; मोलॅरिटीही नाही. मिथिल ऑरेंज वापरलं तर या १० मिलिलिटर द्रावणाला ०.१ नॉर्मल हायड्रोक्लोरिक ॲसिड १० मिलिलिटर लागतं. फिनॉल्फ्थॅलिन घेतलं तर रंग ५ मिलिलिटरलाच जातो, कारण अभिक्रिया बायकार्बोनेटपर्यंतच पोचलेली असते. नवख्या मुलाला वाटणार, द्रावणच निम्म्या ताकदीचं आहे. परमँगनेटवर जी काळजी घेतली ती इथेही घ्यायला हवी होती, '०.०५ मोलर' एवढं छापायला कितीशी जागा लागते?

पाचपैकी चार तारे. ॲसिडं आणि परमँगनेट बिनधास्त घ्या. कार्बोनेट घेतलंत तर बाटलीवर मोलॅरिटी आणि इंडिकेटर मार्करने स्वतः लिहा, मगच टेबलावर ठेवा.