कोकणला जाताना पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने घेऊ नका

सांगली-मिरजेत सेल्फ ड्राइव्ह, म्हणजे ड्रायव्हरशिवाय आपणच चालवायची गाडी भाड्याने देणारे आता गल्लोगल्ली झालेत. इन्स्टाग्रामवर जाहिरात, व्हॉट्सॲपवर गाड्यांचे फोटो, दिवसाला अडीच हजार, किलोमीटरची अट नाही. अशाच एकाने पांढऱ्या पाटीची (नंबरप्लेटची) गाडी देऊन आमची दहा हजारांची अनामत अडकवली आणि वर आणखी पंधरा हजार मागितले. थंडी सुरू झाली की मे महिन्यापर्यंत आपल्याकडची घरंच्या घरं कोकणात उतरतात, म्हणून सविस्तर लिहितोय. त्याचं नाव इथे देत नाही, अर्ज पोलिसांकडे आहे. पण त्याची पद्धत कळली तर पुढच्या माणसाचे पैसे वाचतील.

वडिलांची फार दिवसांची इच्छा होती हेदवीच्या दशभुज गणेशाच्या दर्शनाची. त्यांना एसटीचा प्रवास आता झेपत नाही. आई-वडील, आम्ही दोघं, दोन मुलं, म्हणून सात सीटची गाडी ठरवली. त्याने अनामत आणि माझं ओरिजिनल लायसन्स ठेवून घेतलं. "सगळेच ठेवतात वो, नियमच हाय," म्हणाला. असा कुठलाही नियम नाही. कुणा खासगी माणसाला तुमचं लायसन्स अडकवून ठेवायचा अधिकार नाही. तिथून पुढे मी डिजिलॉकर या सरकारी ॲपमधल्या लायसन्सवर गाडी चालवली, ते कायद्याने चालतं.

गाडी आदल्या दिवशी उजेडात द्या म्हणून मी दोनदा सांगितलं होतं. "दिवसभर गाडी बाहेर असती, पहाटे दारात आणून लावतो की," हे त्याचं उत्तर. डिसेंबरातली पहाट, गच्च अंधार. पोरगा गाडी घेऊन आला तो इंजिन चालू, हेडलाइट फुल्ल. त्या झगझगाटात समोरचा बंपर दिसायची सोयच नाही. मी मोबाइल काढून व्हिडिओ घ्यायला लागलो तर लगेच म्हणाला, "राहू द्या की दादा, घरचीच गाडी समजा, ऊन वाढायच्या आत घाट उतरून जावा." आई-वडील गाडीत बसलेले, मुलं पेंगुळलेली. या घाईवरच त्याचा धंदा उभा आहे.

वाट सुंदर होती, ते लिहायलाच हवं. कराड, पाटण, कोयनानगर करत कुंभार्ली घाट उतरलो, चिपळूणवरून गुहागर. तिथून वेळणेश्वर, हेदवी. देवळात वडील बराच वेळ डोळे मिटून बसले होते, त्यांना उठवायचं धाडस झालं नाही. पुढे तवसाळच्या जेट्टीवर गाडी फेरीबोटीत चढवली आणि खाडी ओलांडून जयगडला उतरलो. लांबचा वळसा वाचतो, मुलांना तर त्या बोटीचंच अप्रूप. मालगुंडला केशवसुतांचं स्मारक पाहिलं, मग गणपतीपुळे, आरे-वारेचा समुद्राला लागून जाणारा रस्ता, रत्नागिरी. येताना साखरप्यावरून आंबा घाट चढून कोल्हापूरमार्गे घरी. गाडी वाळूत घातली नाही, कुठे घासली नाही. वेळणेश्वरलाही लांब झाडाखाली लावून चालत गेलो होतो.

परत द्यायला गेलो तेव्हा तो टॉर्च घेऊनच उभा होता. गाडीभोवती फिरला नाही, दारं उघडली नाहीत. सरळ पुढच्या बंपरच्या उजव्या कोपऱ्याशी वाकला आणि खालच्या बाजूची चीर दाखवली. नुकसान कुठे आहे हे त्याला शोधावंच लागलं नाही. मग दुसरा आरोप: "गाडी समुद्रात घातलीया तुम्ही, खालनं गंजणार आता." त्यानेच गाडीला जीपीएस लावलंय. गाडी कुठे कुठे उभी होती ते काढून बघू म्हटलं तर विषय बदलला.

सकाळी सातच्या सुमाराला कराडला प्रीतिसंगमावर आम्ही थांबलो होतो. तिथे धाकट्याचा गाडीपुढे उभं करून काढलेला फोटो बायकोच्या मोबाइलमध्ये होता. मोठा करून पाहिला तर तीच चीर स्वच्छ दिसते. तो फोटो त्याच्यापुढे धरला. त्याने पापणीही न हलवता सांगितलं, "म्हंजे कराडच्या आधीच घासली तुम्ही." म्हणून वाटेतले फोटो उपयोगाचे नाहीत. गाडी ताब्यात घेण्याआधी, त्याच्या माणसासमोर, चारही बाजू, बंपरच्या खालचा भाग, टायर, काचा आणि किलोमीटरचा आकडा दिसेल असा व्हिडिओ काढा आणि तिथल्या तिथे त्याच्याच नंबरवर पाठवा. जो काढू देत नाही, त्याची गाडी घेऊ नका, प्रवास दोन तास उशिरा सुरू झाला तरी चालेल.

दुरुस्ती इन्शुरन्समधून घ्या म्हटलं, तर नो क्लेम बोनस (दावा न केल्यास हप्त्यात मिळणारी सूट) जातो म्हणाला. खरं कारण विम्याचं काम करणाऱ्या एका स्नेह्याने सांगितलं आणि माझ्या अंगावर काटा आला. पांढरी पाटी म्हणजे खासगी वापराची गाडी. ती भाड्याने देता येत नाही आणि भाड्याने दिलेली असताना काही झालं तर विमा कंपनी गाडीचा दावा नाकारू शकते. रीतसर परवान्याच्या सेल्फ ड्राइव्ह गाडीची पाटी काळी असते, अक्षरं पिवळी. कुंभार्लीच्या वळणावर समोरून ट्रक आला असता तर? सहा माणसं होती गाडीत. दहा हजारांपेक्षा मला या गोष्टीचा राग जास्त आहे. गाडीचा नंबर एमपरिवहन या सरकारी ॲपवर टाकला की ती खासगी आहे की व्यावसायिक, विमा कधीपर्यंतचा आहे, हे मिनिटभरात कळतं. पैसे देण्याआधी एवढं बघाच.

नंतर मिरजेतल्या एका ओळखीच्या शिक्षकांकडे हा विषय निघाला. दिवाळीच्या सुट्टीत त्यांनी हीच गाडी नेली होती. त्यांच्या व्हॉट्सॲपवर त्याने पाठवलेला फोटो अजून होता: तोच कोपरा, तीच चीर. कटकट नको म्हणून त्यांनी सात हजार सोडून दिले होते. बंपर बदलायचाच नाही, प्रत्येक गिऱ्हाइकाकडून त्याचे पैसे मात्र घ्यायचे, असा हा प्रकार. भाडं कमी ठेवणं त्याला याच्यामुळेच परवडतं.

पोलीस ठाण्यात आधी "हा तुमचा आपसातला व्यवहार आहे" असंच ऐकावं लागलं. लेखी अर्ज दिला, पोच घेतली. ठाण्यातून एक फोन गेल्यावर लायसन्स दुसऱ्या दिवशी घरपोच आलं. पैसे आलेले नाहीत. खासगी गाडी भाड्याने फिरवतो म्हणून आरटीओकडे वेगळी तक्रार केली आहे, त्यात ऑनलाइन भरलेल्या अनामतीचा पुरावा आणि सगळे मेसेज जोडलेत. रोख दिले असते तर हातात काहीच नसतं. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही नोंद केली आहे.

मिरजेचे शिक्षक आता माझ्यासोबत अर्ज द्यायला तयार झालेत. सांगली, मिरज, तासगाव, ईश्वरपूर (इस्लामपूर) भागात अशा पद्धतीने ज्यांची अनामत अडकली असेल, त्यांनी रक्कम लहान म्हणून सोडून देऊ नये. जवळच्या ठाण्यात आपला अर्ज द्यावा आणि गाडीचा नंबर त्यात ठळक लिहावा. एकाच नंबरवर चार अर्ज आले की त्याला आपसातला व्यवहार म्हणता येणार नाही.