फियाटच्या पत्र्याला थ्री-इन-वन वेल्डिंग मशीन: कुठे उपयोगाचं, कुठे नाही

पुण्याच्या बोहरी आळीत सध्या दुकानोदुकानी सिंगल फेजवर चालणारी २०० अँपिअरची थ्री-इन-वन मशीन दिसतात. मिग (तार आपोआप पुढे सरकत वितळते), टिग (टंगस्टनच्या टोकावर आर्क, भरणारी तार हाताने) आणि साधं आर्क (रॉडचं), तिन्ही एकाच डब्यात. जुन्या फियाट पद्मिनीची किंवा अँबॅसॅडरची सिल (दाराखालची पट्टी), फ्लोअर, मडगार्ड बदलायला हे मशीन पुरेल का? मिगसाठी जरूर घ्या. टिगसाठी घेऊ नका. आर्कचा होल्डर तर बॉडीच्या कामात खोक्यातून काढूच नका, कारण २.५ मिलिमीटरचा रॉड २० गेजच्या पत्र्यावर टेकला की भोकच पडतं.

दुकानदार २०० चा आकडा पुढे करतो. पत्र्याच्या कामात त्याचा काही संबंध नाही. २० गेज म्हणजे साधारण ०.९ मिलिमीटर, आणि एका मिलिमीटरला ४० अँपिअर हा हिशेब धरला तर ३५-४० मध्ये काम होतं. सुट्या टाक्यांसाठी ५०-५५ पर्यंत चढवायचं. म्हणून मशीन खाली किती उतरतं आणि तिथे आर्क स्थिर राहतो का, ते बघा. स्वस्त मशीनचा आर्क ४० च्या खाली अडखळतो, तार पत्र्यावर आपटून मागे रेटा देते आणि थेंब उडतात. व्होल्टेज आणि तारेचा वेग वेगवेगळ्या बटणांवर असलेलंच मॉडेल घ्या. एकाच बटणावर दोन्ही हलणारं जाड कामाला सोयीचं पडतं, पण पातळ पत्र्यावर हात बांधले जातात. जमलेल्या सेटिंगचा आवाज मोहरीच्या फोडणीसारखा सलग तडतडतो. फट्‌ फट्‌ तुटक आला तर तारेचा वेग आणि व्होल्टेज जुळलेले नाहीत.

नव्या मशीनबद्दलची बरीचशी नाराजी उलट्या पोलॅरिटीतून येते. काही मशीन फ्लक्स (गॅसऐवजी वेल्डला झाकणारी पूड) भरलेल्या तारेसाठी जोडून येतात, म्हणजे टॉर्च (तार सोडणारी हातातली बंदूक) निगेटिव्हवर. गॅस लावून साधी भरीव तार चालवायची तर टॉर्च पॉझिटिव्हवर आणि अर्थ निगेटिव्हवर हवा. झाकण उघडून आतली पट्टी किंवा पुढची वायर बदलली की झालं. ते राहिलं तर वेल्ड पत्र्यावर नुसता ढिगासारखा बसतो, आत मुरत नाही. तार ०.८ ची घ्या आणि रोलरची खाचही ०.८ चीच लावा. भरीव तारेला गुळगुळीत व्ही खाच लागते, दातेरी रोलर तार सोलून लायनर (तार जाते ती आतली नळी) चोंदवतो. शुद्ध सीओटू चालतो, पण ८० टक्के आर्गॉन आणि २० टक्के सीओटूच्या मिश्रणात थेंब कमी उडतात आणि आर्क मऊ लागतो. प्रवाह मिनिटाला ८ ते १० लिटर ठेवा, आणि वेल्ड चालू असताना पंखा बंद करा. झोताने गॅस उडाला की वेल्डवर टाचणीच्या टोकाएवढी भोकं दिसतात, आणि दोष मात्र सिलिंडरला दिला जातो.

आता प्रत्यक्ष गाडी. पद्मिनी काय, अँबॅसॅडर काय, दोन्हींना वेगळी चॅसिस नाही. बॉडीच भार घेते. सिल कापण्याआधी गाडी चार स्टँडवर लेव्हलमध्ये घ्या, दारांच्या फटी मोजून लिहून ठेवा आणि दाराच्या चौकटीत २५ मिलिमीटरच्या चौकोनी पाइपचा आडवा टेकू टाका. एका वेळी एकच बाजू कापा. टेकू न देता कापलं तर चौकट दबते, नवी सिल त्याच वाकड्या मापात बसते आणि मग दार काही केल्या लागत नाही. बॅटरी सोडा, पेट्रोलची टाकी उतरवून बाहेर ठेवा, आतला नमदा आणि रेक्झिन काढा. अर्थ क्लॅम्प वेल्डच्या शक्य तितक्या जवळ, घासून चकचकीत केलेल्या पत्र्यावर लावा.

कंपनीने जिथे स्पॉट वेल्डचे टिपके मारले होते तिथे प्लग वेल्ड करा. वरच्या पत्र्याला ६ मिलिमीटरचं भोक पाडायचं, दोन्ही पत्रे क्लॅम्पने घट्ट आवळायचे, भोकाच्या मध्यात खालच्या पत्र्यावर आर्क धरायचा आणि गोल फिरवत कडेला यायचं. अंतर ३० ते ४० मिलिमीटर. गाडीवर मारण्याआधी दोन पट्ट्यांवर एक प्लग मारून छिन्नीने उपटून बघा. खालच्या पट्टीचा तुकडा सोबत निघाला तर वेल्ड पक्का. स्वच्छ सुटून आला तर अँपिअर वाढवा. ५० वर्षांपुढच्या गाडीला व्हिंटेज म्हणून ‘व्हीए’ मालिकेचा नंबर घ्यायचा असेल तर मूळ सांध्यांवरच जोड ठेवणं अधिकच गरजेचं, कारण २०२१ च्या नियमांत बॉडी शेलमधले फेरफार बसत नाहीत.

जुन्या गाड्यांवर पितळी झाळ हमखास सापडते. पितळ लागलेल्या कडेवर मिग धरत नाही, फसफसून चिरा पडतात. ती कड ग्राइंडरने घासत बसण्यापेक्षा सरळ कापून टाका आणि पॅच तेवढा मोठा घ्या. जीआय (जस्त चढवलेल्या) पत्र्याचा पॅच असेल तर जस्त घासून काढा, त्याचा धूर छातीत जाऊ देऊ नका.

मडगार्ड, दाराचा बाहेरचा पत्रा, बॉनेट इथे मात्र या मशीनची मर्यादा दिसते. पत्र्यावर पत्रा चढवला तर मध्ये पावसाचं पाणी साठतं आणि उन्हात रंगाखालून जोडाची रेघ उमटते, म्हणून जोड कडेला कड लावूनच हवा, मिलिमीटरभर फट ठेवून. मिगने करायचं तर २५-३० मिलिमीटरवर टाके, मग प्रत्येक दोहोंच्या मध्ये एक, आणि जागा बदलत. हात लावून गार लागल्याशिवाय शेजारचा टाका नको. तरीही मिगचा वेल्ड कडक राहतो, हातोडी-डॉलीला (डॉली म्हणजे पत्र्यामागे धरायचा लोखंडी ठोकळा) दाद देत नाही. वेल्ड गार होताना आकसतो आणि आजूबाजूचा पत्रा ओढतो. तो ठोकून ताणता आला तरच पॅनेल मूळ गोलाईवर येतं. टिगचा किंवा गॅसचा वेल्ड मऊ असतो, ठोकता येतो. पण या थ्री-इन-वनमधलं टिग बहुधा लिफ्ट पद्धतीचं असतं: टंगस्टन पत्र्याला टेकवून उचलायचं, पायाचं पेडल नाही, हातातलं काम चालू असताना करंट कमी करायची सोय नाही. जोडाच्या शेवटी खड्डा आणि भोक ठरलेलं. टिग हवंच असेल तर एचएफ स्टार्ट (न टेकवता आर्क पेटवणारा) आणि पेडल असलेलं वेगळं मशीन बघा, नाहीतर बारीक नोझलवर गॅस चालवणाऱ्या जुन्या डेंटरकडे तेवढी पॅनेल द्या. गॅसची उष्णता जास्त पसरते, पत्रा लाटेसारखा उठतो. तो पत्रा डेंटर लागलीच डॉलीवर घेऊन बसवतो. हे कसब अजून पुण्यात आहे आणि त्याची मजुरी मोजायला हवी तेवढी मोजावी.

खरेदीला जाताना २० गेजच्या सीआर (कोल्ड रोल्ड) पत्र्याच्या चार पट्ट्या घेऊन जा आणि दुकानातच ४० अँपिअरवर टाके मारून मागा. फक्त जाड पट्टीवर दाखवतो म्हणाला तर पुढचं दुकान गाठा.