हरसूल रस्त्यावरच्या उतारावर ड्रोन-लायडार सर्व्हे : अनुभव आणि मत

राखलेल्या जागेत झाडी खरंच वाढतेय का, हे बघायला ड्रोनवरचा लेझर (लायडार) बोलवावा का? माझं उत्तर हो असं आहे. फक्त पहिल्याच फोनवर एक गोष्ट पक्की करून घ्या : लेझरने टिपलेले झाडांचे बिंदू काढून टाकायचे नाहीत.

नाशिकमध्ये हे काम करणाऱ्यांकडे रोज येतात ते रस्त्याचे ठेकेदार, खाणवाले आणि ले-आउट पाडणारे. त्यांना जमिनीचे कंटूर, म्हणजे समान उंचीच्या रेषा, हव्या असतात. साग, सादडा, करवंदीच्या जाळ्या या सगळ्याची त्यांना अडचणच. मला मात्र तेवढंच हवं होतं. हरसूल रस्त्याला माझ्या सासरची उताराची जमीन आहे. दीरांनी तिथली चराई बंद केली, दर उन्हाळ्यात जाळरेषा काढून वणवा बाहेर ठेवला. मी वनस्पतिशास्त्र शिकवते, म्हणून टेप घेऊन खोडांचे घेर मोजत आलेय. घेरावरून खोड कळतं. पण जमिनीपासून शेंड्यापर्यंत कोणत्या उंचीला किती पाला आहे, ते कळत नाही. आणि पाखरांच्या दृष्टीने तेच महत्त्वाचं. रॉबर्ट आणि जॉन मॅकआर्थर यांनी १९६१ साली अमेरिकेतल्या जंगलांवरून दाखवलं, की पक्ष्यांच्या जातींची विविधता झाडांच्या जातींपेक्षा पानांच्या थरांशी जास्त जुळते.

लेझरला हे थर दिसतात. लेझरची एक पल्स (प्रकाशाचा क्षणिक झोत) खाली जाते, तिचा थोडा भाग वरच्या पानाला लागून परततो, थोडा मधल्या फांदीवरून, उरलेला फटीतून जमिनीपर्यंत जाऊन येतो. परत यायला लागलेल्या वेळेवरून अंतर निघतं. एका नॅनोसेकंदाचा फरक म्हणजे सुमारे १५ सेंटिमीटर. साध्या ड्रोन फोटोला वरचा हिरवा पृष्ठभागच दिसतो, त्यामुळे ते स्वस्त असले तरी या कामाला अपुरे पडतात. अंतराळ स्थानकावरच्या जेडी (GEDI) या लेझरचा डेटा फुकट मिळतो, पण त्याचं एकेक मोजमाप २५ मीटर व्यासाच्या वर्तुळाचं, आणि दोन वर्तुळांमध्ये मोकळी जागा. जिल्ह्याचा अंदाज घ्यायला तो चांगला, आमच्या उताराला नाही.

उड्डाणाचं काम सर्व्हेवाल्या मुलांनी मनापासून केलं. डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन नकाशावर जागा ग्रीन झोनमध्ये (वेगळ्या परवानगीशिवाय उडवता येतं अशा भागात) असल्याची खात्री आधीच केलेली (ओझर किंवा देवळालीच्या जवळ तुमची जमीन असेल तर हे इतकं सोपं नाही), १२० मीटर उंचीची मर्यादा पाळलेली, बेस स्टेशन (ड्रोनची जागा अचूक कळावी म्हणून जमिनीवर ठेवायचं जीपीएस यंत्र) नीट लावलेलं. उतारावर ड्रोन सपाट न उडवता जमिनीच्या चढ-उताराप्रमाणे वर-खाली नेला. आडव्या-उभ्या दोन्ही दिशांनी फेऱ्या मारल्या, त्यामुळे दाट झाडाआड मोजायच्या राहून जाणाऱ्या जागा कमी झाल्या. याला पूर्ण गुण.

मग ईमेलवर आली कंटूरची पीडीएफ. फोन केला तर पलीकडून आवाज, "मॅडम, झाडं सगळी काढलीत, एकदम क्लीन दिलंय." त्या मुलाला खरंच वाटत होतं की त्याने जास्तीचं काम करून दिलंय. मी काय हवं ते समजावलं, आणि सगळ्या परताव्यांसह (पान, फांदी, जमीन यांवरून परत आलेल्या प्रत्येक नोंदीसह) एलएझेड, म्हणजे लेझर बिंदूंची, फाइल मिळाली. पण मूळ डेटा ते काही महिन्यांनी पुसतात हे तेव्हा कळलं. उशीर झाला असता तर सगळं गेलंच होतं. म्हणून ऑर्डरमध्येच लिहून घ्या : वर्गीकृत (जमीन, झाडं असे बिंदू वेगळे नोंदलेली) एलएझेड, सगळे परतावे, उड्डाणाची उंची आणि वेग.

फाइल क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडते, त्यासाठी पैसे लागत नाहीत. उभा छेद काढला आणि अर्ध्या मीटरपासून दोन मीटरपर्यंतचा थर बघून मला भरून आलं. नाल्याकडच्या अंगाला तो चांगला भरलाय, वर सागाचा पातळ थर, मध्ये तरुण सादडा आणि धावडा. जिथे अजून चराई चालते त्या शेजारच्या पट्ट्यात हा मधला थर जवळपास नाहीच. दीरांना छेद दाखवला, तेव्हा ते बराच वेळ स्क्रीनवर बोट फिरवत राहिले.

आता मर्यादा. लेझरला जात कळत नाही. सगळ्यात भरगच्च दिसलेला एक पट्टा जाऊन पाहिला तर निव्वळ घाणेरी. तेव्हा पायी फिरणं सुटत नाही. कातळकड्याच्या कडेला जमिनीचा अंदाज चुकून तिथे उंच झाड उभं असल्यासारखं दिसतं. असे आकडे हाताने वगळावे लागतात. गवत आणि जमीन यांतला फरक भरवशाने निघत नाही, त्यामुळे माळरानाचं मोजमाप करायचं असेल तर यावर पैसे घालू नका.

ऋतूचंही बघा. आम्ही पानगळीनंतर उडवलं. जमीन छान मिळाली, पण सागाचा माथा विरळ दिसतो. पुढच्या खेपेला पावसाळ्यानंतर उडवलं तर वाढ दिसेल ती झाडांची की ऋतूची, हे सांगता येणार नाही. तोच महिना, तीच उंची, तोच वेग आणि शक्यतो तोच सेन्सर हवा. सर्व्हेवाल्यांनी दुसऱ्या वर्षी नवा सेन्सर वापरू असं उत्साहाने सुचवलं. मी नको म्हटलं.

पाचपैकी चार तारे. एक कापला तो पीडीएफसाठी आणि डेटा पुसण्यासाठी. क्षेत्र लहान असलं तरी दिवसाचे पूर्ण पैसे घेतात, म्हणून पेठ, हरसूल, सुरगाण्याकडे ज्यांनी जागा राखल्या आहेत त्यांनी शेजाऱ्यांसह एकाच दिवसाचं काम ठरवावं. आमचं पुढचं उड्डाणही पानगळीनंतरच्या त्याच महिन्यात आहे. त्या बाजूचं कुणी येणार असेल तर कळवा.